सोलर बसवण्याआधी गच्चीवरची पाण्याची टाकी मोजा

सोलर वॉटर हीटर बसवून वर्ष झाले तरी पाणी कोमटच येते, अशी तक्रार असली की दोष बहुतेक वेळा नळजोडणीत निघतो. उन्हाकडे बोट दाखवणे सोपे असते. पण पॅनेल चांगले असूनही प्लंबरने चुकीच्या ठिकाणी जोड दिला, तर वर पाणी तापते आणि बाथरूममध्ये गारच उतरते.

आधी किती लिटरचा घ्यायचा ते पाहू. सोलरचे पाणी साधारण 60 अंशांचे आणि नळाचे 20 अंशांचे धरले, तर 40 अंशांच्या अंघोळीला निम्मे-निम्मे लागते. म्हणजे 18 लिटरच्या बादलीत गरम पाणी फक्त 9 लिटर. बादलीने अंघोळ करणाऱ्या चौघांना 100 लिटर पुरतात. शॉवर असेल तर 150 ते 200 लिटरचा विचार करा. 58 मिलिमीटर व्यासाच्या, 1800 मिलिमीटर लांबीच्या काचेच्या नळ्या 100 लिटरला साधारण 10 लागतात. अशा एका नळीत पावणेतीन लिटर पाणी असते. त्यामुळे 200 लिटरचा संच भरल्यावर तीनशे किलोच्या आसपास जातो. स्टँडचे पाय बीमवर येतील असे पाहा आणि वॉटरप्रूफिंगला भोके पाडू देऊ नका. पायांखाली काँक्रीटचे ठोकळे चालतात.

तोंड दक्षिणेला हवे. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, त्यात हिवाळ्यासाठी दहा-पंधरा अंश मिळवा, म्हणजे उतार तीस अंशांच्या आसपास येतो. डिसेंबरात पुण्यात भर दुपारीही सूर्य 48 अंशांपर्यंतच चढतो. मीटरभर उंचीच्या कठड्याची सावली तेव्हाही 90 सेंटिमीटर पडते, सकाळी नऊला तर बरीच लांब. उन्हाळ्यात जागा मोकळी दिसली म्हणून फसू नका.

आता मुख्य मुद्दा. साध्या, बिनदाबाच्या सोलरमध्ये गार पाणी स्वतःच्या उंचीनेच आत शिरते. म्हणून गच्चीवरच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा फूटभर तरी वर हवा. सोलरची उंची पाच-सहा फूट असते, म्हणजे गार पाण्याची टाकी साधारण सात फुटी स्टँडवर जाते. हे आधी मोजले नाही, तर टाकीसाठी नवा स्टँड करण्याचा खर्च मागाहून निघतो. उलट टाकी फारच उंच असेल, किंवा लाइनवर प्रेशर पंप असेल, तर नळ्यांच्या तोंडाच्या सिलिकॉन रिंगांतून पाणी गळू लागते. तिथे मध्ये बॉल कॉक लावलेली छोटी टाकी द्या, नाहीतर दाब सोसणाराच संच घ्या.

सोलरच्या माथ्यावरचा हवेचा पाईप गार टाकीच्या भरलेल्या पातळीपेक्षा किमान फूटभर उंच न्यायचा. कमी ठेवला तर त्यातून पाणी सतत वाहते. मग कोणीतरी वैतागून त्याला बूच मारतो, आणि खरे नुकसान तिथेच होते: वाफ कोंडून टाकी फुगते किंवा पाणी उपसताना आत पोकळी होऊन ती चेपते. या पाईपवर बूच नाही, व्हॉल्व्हही नाही.

गार पाण्याची लाइन थेट टाकीतून स्वतंत्र आणा. तिच्यावर दुसरा नळ किंवा फ्लश नको. वाटेत एक व्हॉल्व्ह आणि पाणी उलटे फिरू न देणारा एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह द्या. गरम लाइनला साधा पीव्हीसी पाईप चालत नाही, तो मऊ पडून वाकतो. गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी पाईप घ्या आणि वरून इन्सुलेशन चढवा. लाइन जाड घेण्याचा मोह आवरा. पाऊण इंची पाईपमध्ये मीटरला सुमारे 0.3 लिटर पाणी मावते, म्हणजे 20 मीटरच्या लाइनमध्ये रोज सकाळी सहा लिटर गार पाणी आधी सोडावे लागते.

पहिल्यांदा पाणी भरायचे ते पहाटे किंवा अंधार पडल्यावर. रिकाम्या नळ्या उन्हात 200 अंशांच्या वर तापतात. दुपारी त्यात गार पाणी गेले की काच तडकते.

सगळे नीट असूनही पाणी कोमट येत असेल, तर मिक्सर तपासा. शॉवरच्या नळीला टोकाशीच बंद होणारे नोझल असेल आणि मिक्सरच्या गरम-गार दोन्ही बाजू उघड्या राहिल्या, तर गार पाणी गरम लाइनमध्ये घुसते. सोलरला येणारा गार व्हॉल्व्ह बंद करा आणि गरम नळ सोडा. लाइनमधले उरलेले पाणी थोड्या वेळात संपून नळ कोरडा पडायला हवा. धार चालूच राहिली, तर कुठेतरी गार पाणी मिसळते आहे. मग एकेक मिक्सर बंद करत जा.

बोअरचे पाणी असेल तर क्षार नळ्यांच्या तळाशी साचतात. वर्षातून एकदा नळ्या काढून धुवा. त्याच वेळी टाकीला गंजण्यापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड झिजला असल्यास बदला. फ्लॅट प्लेट, म्हणजे काचेच्या नळ्यांऐवजी सपाट पॅनेल असलेल्या सोलरमधल्या बारीक तांब्याच्या नळ्या मात्र क्षारांनी तुंबतात, तेव्हा असे पाणी असेल तर हीट एक्सचेंजरवालाच घ्या, म्हणजे वापरायचे पाणी त्या नळ्यांतून फिरत नाही.

पावसाळ्यासाठी टाकीत 2 किलोवॉटची कॉइल पुरते: 100 लिटर पाणी 20 अंशांनी तापवायला सव्वा तासाच्या आतच काम होते. ती रात्रभर चालू ठेवू नका. उन्हाळ्यात गावी जाताना गार पाण्याचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवा आणि निम्म्या नळ्यांवर गोणपाट टाका. आल्यावर पहिली बादली भरताना लहान मुलांना दूर ठेवा, मेमधले पाणी 80 अंशांपर्यंत जाऊ शकते.