अर्ध्या गाठी आदल्या दिवशीच बांधा

काडाच्या गाठींची, म्हणजे दाबून दोरीने बांधलेल्या गव्हाच्या काडाच्या गठ्ठ्यांची, भिंत रचायला शिकवायला शेतावर माणसं बोलावली, की काम अडतं ते अर्ध्या गाठींपाशी. विटांसारखेच इथेही सांधे चुकवावे लागतात, म्हणून एकाआड एक थराच्या टोकाला अर्धी गाठ हवीच. ती आयत्या वेळी करायला घेतली की बाकीचे चहा पीत बसतात.

१. हातभर लांब लोखंडी पट्टी घ्या. वेल्डिंगवाल्याकडून टोक काढून घ्या, टोकाजवळ दोन भोकं पाडा. गोणी शिवायच्या दाभणाची ही थोरली बहीण.
२. दोन्ही भोकांत प्लॅस्टिकची सुतळी ओवून, जिथे गाठ तोडायची तिथे आरपार घाला. जुन्या प्रत्येक दोरीच्या रेषेत एकदा.
३. एक सुतळी डावीकडे, एक उजवीकडे करकचून बांधा.
४. मगच जुन्या दोऱ्या कापा. आधी कापल्या तर गाठ फिस्कटते.

इंदूरकडे गहू मार्च-एप्रिलमध्ये निघतो. गाठी तेव्हाच घ्या, फळ्यांवर रचा आणि जूनच्या पावसाआधी भिंतींना गिलावा चढवा. गाठीत हात खुपसून पाहा. दमट किंवा कुबट वाटली तर ती भिंतीत नको.

सुटं काड चटकन पेटतं. ते रोज संध्याकाळी झाडून लांब टाका, विडी-सिगारेट फाटकाबाहेरच.