अमेरिकन चित्रपटांतला वर्णभेद कसा टिपावा

पडद्यावर किती कृष्णवर्णीय चेहरे दिसले हे मोजून फारसं हाती लागत नाही. १९३०च्या दशकातल्या हॉलिवूडपटांतही ते दिसतात. मोलकरणी, हमाल, गाडीवान म्हणून. मोजायचेच तर निर्णय मोजा. गोष्टीला वळण देणारा निर्णय कोण घेतं आणि त्याची झळ कोणाला बसते?

त्यासाठी चित्रपट दोनदा बघा. पहिल्यांदा वही बाजूला ठेवून. दुसऱ्यांदा तीन रकाने आखा: कितवं मिनिट, दृश्यात कोण कोण, निर्णय कोणाचा. दोन तासांच्या चित्रपटाला पंधरा-वीस नोंदी पुरतात; प्रत्येक दृश्य टिपत बसलात तर बघणंच राहून जातं.

पानाच्या कोपऱ्यात दोन सालं लिहा: चित्रपट कधी आला आणि गोष्ट कधीची. ‘मिसिसिपी बर्निंग’ १९८८चा, गोष्ट १९६४मधल्या नागरी हक्क कार्यकर्त्यांच्या खुनांची. तपास, डावपेच, यश, सगळं दोन गोऱ्या एफबीआय अधिकाऱ्यांकडे. गावातले कृष्णवर्णीय बहुतेक वेळ सोसत राहतात. प्रत्यक्षात चळवळ त्यांनीच पेलली होती. १९६४ समजून घ्यायला हा चित्रपट कच्चा आहे. १९८८चं हॉलिवूड नायक कुणाला मानत होतं, ते मात्र त्यात स्वच्छ दिसतं.

जुन्या चित्रपटांना हात घालण्याआधी तेव्हाचे नियम माहीत हवेत. हेज कोड, म्हणजे हॉलिवूडने स्वतःला घालून घेतलेली नियमावली, १९३४पासून कडकपणे लागू झाला आणि त्यात गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध दाखवायला बंदी होती. ते कलम १९५६मध्ये गेलं, अख्खा कोड १९६८मध्ये. हे ठाऊक नसलं की सगळं खापर दिग्दर्शकाच्या माथी फुटतं. पण प्रत्येक गोष्ट नियमाच्या खाती टाकू नका, धंद्याचाही त्यात वाटा होता. १९४०च्या दशकात एमजीएम स्टुडिओच्या कितीतरी चित्रपटांत कृष्णवर्णीय गायिका लीना हॉर्न येते, गाणं म्हणते, निघून जाते. कुणाशी बोलणं नाही, कथेशी संबंध नाही. वर्णभेद कडक असलेल्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चित्रपटगृहांसाठी तेवढा तुकडा कापता यावा, म्हणून ही सोय! यातून मिळणारी चाचणी आजच्या चित्रपटांनाही लावा: हे पात्र काढून टाकलं तर गोष्ट अडते का? अडत नसेल तर ती विविधता पोस्टरपुरती.

सरावासाठी ‘इन द हीट ऑफ द नाइट’ (१९६७) घ्या. कापसाच्या मळ्यांचा गोरा मालक एंडिकॉट आपल्या काचगृहात उभा आहे आणि सिडनी पॉइटिएने साकारलेला कृष्णवर्णीय डिटेक्टिव्ह टिब्ज त्याला खुनाबद्दल विचारतो. एंडिकॉट थोबाडीत मारतो. टिब्ज तत्क्षणी परत लगावतो. थप्पड सगळ्यांनाच दिसते, तिची नोंद नको. आवाज बंद करून दृश्य पुन्हा लावा आणि दोघांकडेच बघा: ट्रे धरून उभा असलेला कृष्णवर्णीय नोकर आणि बावचळलेला गोरा पोलीसप्रमुख. आता तू काय करणार, असं एंडिकॉट त्याला विचारतो आणि त्याच्याकडे उत्तर नसतं. तिसऱ्या रकान्यात लिहायचं ते हेच. याला पडद्याबाहेरची एक नोंद जोडा: गोष्ट मिसिसिपीतली, पण चित्रीकरण बहुतांशी इलिनॉयमध्ये झालं, कारण दक्षिणेत जायला पॉइटिए तयार नव्हता.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पात्राचं मत चित्रपटाचं समजण्यात. ‘डू द राइट थिंग’मध्ये (१९८९) माणसं एकामागून एक थेट कॅमेऱ्यात बघून दुसऱ्यांच्या वंशाला शिव्या घालतात. नुसते संवाद उतरवलेत तर चित्रपट द्वेष पसरवतोय असं वाटेल. म्हणून क्रमही लिहा: कृष्णवर्णीय, इटालियन, पोर्तो रिकन, गोरा पोलीस, कोरियन दुकानदार. आळीपाळीने प्रत्येकाच्या तोंडी तेच विष आहे.

शेवटासाठी अर्धं पान राखून ठेवा. ‘गेट आउट’च्या (२०१७) शेवटी रस्त्यावर लाल-निळे दिवे चमकतात. (बघितला नसेल तर इथेच थांबा.) एरवी थरारपटात पोलीस आले की हायसं वाटतं, इथे कृष्णवर्णीय नायकासाठी पोटात गोळा येतो. आधी चित्रित केलेल्या शेवटात तो तुरुंगात जातो. प्रदर्शित चित्रपटात तो शेवट बदलला. दोन्ही शेवट बघा आणि दिवे दिसल्यापासूनच्या नोंदी शेजारी शेजारी मांडा.