स्टॅकरला शिव्या घालण्याआधी: या चुका टाळा

प्रिंटर अडला की सगळे गप्प उभे राहतात, कारण त्याची किंमत माहीत असते. स्टॅकर (प्रिंटरमधून छापून आलेल्या कागदांची थप्पी लावणारी पेटी) अडला की मात्र प्रत्येकाचा हात शिवशिवतो. फोंड्याला आमच्या प्रेसमध्ये मी डिजिटल विभाग सांभाळते. त्या पेटीने थाप, लाथ, टेबलफॅन आणि दसऱ्याला झेंडूची माळ, सगळं सोसलेलं मी पाहिलंय. माळ वगळता बाकी सगळं अन्यायाने सोसलेलं. बहुतेक वेळा दोष तिचा नसतोच. कागद भिजून, तापून, वळून शेवटी जिथे येऊन पडतो ती ही जागा, म्हणून आधीच्या प्रत्येक हयगयीची पावती इथेच फाटते.

ज्यांच्याकडे हे यंत्र नवीन आलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. छापलेला कागद वरच्या रोलरांतून आत येतो. खाली लिफ्टसारखा वरखाली होणारा ट्रे असतो. कागद पडला की बाजूचे जॉगर त्याला थोपटून सरळ करतात. थप्पीची वरची पातळी एक सेन्सर, आमच्या यंत्रात एका छोट्या लिव्हरने, पाहत असतो. पातळी वाढली की ट्रे जरा खाली उतरतो. असं उतरत उतरत तो तळाला टेकला की स्क्रीनवर ‘स्टॅकर फुल’ येतं. म्हणजे भरलं की नाही ते मुख्यतः उंचीवरून ठरतं. हे डोक्यात पक्कं बसलं, तर पुढची गोष्ट घडणार नाही.

थप्पी वीतभर आणि म्हणे ‘फुल’

चवथीला पंधरा दिवस होते. एका घुमट आरती मंडळाच्या पुस्तिका होत्या, ३२ पानी, २,००० प्रती. १२×१८ इंची एका कागदावर दोन्ही बाजू मिळून ए५ची ८ पानं बसतात. म्हणजे प्रत्येक पुस्तिकेला ४ कागद, एकूण ८,०००. साधा १०० जीएसएम (चौरस मीटरला १०० ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे लेप नसलेला छपाईचा कागद. डोळे मिटून करावं असं काम.

आमच्याकडे तेव्हा एक पोरगा नवीन होता. हुशार, पण पायाला भिंगरी. आदल्या संध्याकाळी त्याने सोळाच्या सोळा रिमांची (रिम म्हणजे ५०० कागद) वेष्टणं फाडून कागद खिडकीजवळच्या टेबलावर रचून ठेवला. का, तर सकाळी वेळ नको जायला. एसी रात्री बंद, खिडकीची एक झडप कायमची मोडकी, आणि बाहेर ऑगस्टचा पाऊस. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. त्या दिवसांत हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांपर्यंत जाते. उघड्या थप्पीच्या कडा ती हवा पितात आणि फुगतात, मधला भाग कोरडाच राहतो. सकाळी पाहिलं तर कागदाच्या कडा लाटा आल्यासारख्या.

असा कागद फ्युजरमधून (टोनर, म्हणजे डिजिटलची शाई, उष्णतेने कागदावर पक्का करणारा भाग) गेला की तिथली उष्णता त्यातलं पाणी घाईघाईने काढते, दोन्ही बाजूंनी सारखं नाही, आणि कागद वळतो. आमचे कोपरे वर उचलले गेले. आता स्टॅकरच्या बाजूने विचार करा. उचललेला कोपरा पातळीच्या लिव्हरला लागतो. त्याला वाटतं थप्पी वर आली, ट्रे खाली. पुढचा कोपरा लागतो. ट्रे आणखी खाली. सहाशे कागदांत ट्रे तळाला आणि स्क्रीनवर ‘फुल’. वर कागद आता उंचावरून पडतायत, म्हणून तिरके पडतायत, ते वेगळंच.

पोराने ट्रे रिकामा केला, पुन्हा सुरू केलं, पुन्हा ‘फुल’. तिसऱ्या वेळी त्याने ती लिव्हर सेलोटेपने खाली चिकटवून टाकली.

मी बँकेत गेले होते. परत आले तेव्हा तो आनंदात होता. “ताई, झालं, आता बोलत नाही.” बोलणार कसा? तोंडच बांधलेलं. ट्रेला खाली उतरायचा निरोपच मिळेना, थप्पी वर वर चढत बाहेर पडायच्या रोलरांना जाऊन भिडली, आणि मागून येणारा प्रत्येक कागद जागच्या जागी पंख्यासारखा दुमडत गेला. आवाज आला तेव्हा आत तीस-चाळीस कागदांचा बोळा होता. तो त्याने ओढून काढला, उलट्या दिशेने, आणि कागद खाली दाबणारा प्लॅस्टिकचा हात मोडला. सुटा भाग यायला पाच दिवस. तोवर आम्ही वरच्या छोट्या ट्रेमध्ये थोडं थोडं छापत, रात्री जागून ते काम पुरं केलं. मंडळाचे लोक रोज सकाळी चहाला यायचे आणि काही न बोलता जायचे. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून सेलोटेप माझ्या खणात कुलपाखाली असते.

आता माझी सवय सांगते; मॅन्युअलमध्ये याहून नीटनेटकं काही असेल. कुठलंही मोठं काम सुरू करण्याआधी त्याच कामाचे, त्याच कागदाचे, दोन्ही बाजू छापलेले ५० कागद काढते. कोरे नाहीत, कारण शाईभरल्या पानाचं वळण वेगळं असतं. ते सपाट टेबलावर ठेवते आणि हनुवटी टेबलाला टेकवून बाजूने बघते. लोक हसतात, हसू देत. कोपरे वर असतील किंवा मधला भाग फुगला असेल, तर डीकर्लर (कागदाचं वळण काढणारा भाग) एक पायरी हलवते आणि पुन्हा ५० काढते. एका वेळी एकच पायरी. दोन पायऱ्या एकदम मारणारे दुसऱ्या बाजूचं वळण घेऊन बसतात आणि मग ‘डीकर्लर बिघडला’ म्हणून फोन करतात. तरी जमलं नाही तर फीडरमधला (यंत्राला भरलेला कोरा) कागद पालथा घालून बघते; कित्येकदा तेवढ्यावर भागतं.

आणि कागद बंद वेष्टणात निदान एक दिवस त्याच खोलीत राहिला पाहिजे. लागेल तेवढंच रिम फोडायचं, उरलेलं परत गुंडाळायचं. भिंतीवर एक साधा आर्द्रतामापक टांगा. ४५ ते ५५ टक्क्यांमध्ये काटा असला की मी निर्धास्त असते. पावसाळ्यात त्यासाठी एसी आणि डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषणारं यंत्र) रात्रीही चालू ठेवावा लागतो. मालकांना वीजबिल दिसतं, मला बोळा दिसतो.

१२×१८ म्हणून जो आणला तो १२×१८ नव्हता

हा माझा दुसरा नाजूक विषय. बाजारात मोठा कागद २५×३६ इंची मिळतो. त्याचे चार तुकडे केले की होतात १२.५×१८. कटिंगवाला त्याला बारा-अठरा म्हणतो, दुकानदार बारा-अठरा म्हणतो, बिलावर बारा-अठरा लिहिलेलं असतं, आणि ऑपरेटर ट्रेला बिनधास्त १२×१८ साईज देतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. कागद यंत्रातून जातोसुद्धा. पण जॉगर बिचारे सांगितलेल्या मापावर विश्वास ठेवून आत येतात आणि रुंद कागदाला दोन्हीकडून दाबतात. पातळ कागद मध्येच कमान करतो. आर्ट कार्ड, म्हणजे लेप दिलेला जाड कागद, कमान करत नाही, त्याच्या कडेला खाचा पडतात.

किनाऱ्यावरच्या एका रेस्टॉरंटचं मेनूकार्ड असंच गेलं. ३०० जीएसएम, सीझन सुरू व्हायच्या तोंडावर. कडा नाहीतरी कापायच्याच होत्या म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. पण थप्पी चौरस नव्हती. कटिंगवाल्याने ती तशीच यंत्राला टेकवली आणि एका बाजूच्या किमती अर्ध्या उडाल्या. दोष कोणाचा यावर दोन दिवस भांडण चाललं. पट्टी कोणीच लावली नव्हती. माझ्यासकट.

तेव्हा बाहेर कापलेला कागद आला की स्टीलची पट्टी घ्या, वरचा, मधला आणि खालचा असे तीन कागद मिलिमीटरमध्ये मोजा आणि तेच माप कस्टम साईज म्हणून द्या. तिन्हींत मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक निघाला तर कागद परत पाठवा. तो निभावून नेऊ म्हणणाऱ्याला थप्पी सरळ करायला रात्री थांबवा, पुढच्या वेळी तोच पट्टी घेऊन उभा राहील. कागदाचं वजन देतानाही हीच गत: ३०० जीएसएमच्या कागदाला ‘प्लेन’ (साधा कागद) निवडून वेग मिळतो म्हणणारे मला भेटलेत. त्या निवडीवर फ्युजरची उष्णता ठरते, आणि पुढचं सगळं कामही त्याच हिशेबाने चालतं.

बाकीच्या, भराभर

कॅटलॉगात ५,००० कागदांची क्षमता लिहिलेली असते, ती साधारणपणे ८० जीएसएमची. ३०० जीएसएमला त्याच उंचीत दीड हजारांच्या आसपास समजा. आणि वजनाचा हिशेब करा: १२×१८चा १०० जीएसएम कागद जवळजवळ १४ ग्रॅमचा, ५,००० म्हणजे ७० किलो. थप्पी बाहेर काढायची ही ट्रॉली उंबऱ्यावरून ‘जरा जोर लाव रे’ म्हणत ओढायची वस्तू नाही. आमच्या जुन्या जागेत उंबरा होता. एकदा अख्खी थप्पी सरकून भुईवर पसरली, पानांचा क्रम गेला, आणि आम्ही तिघं मांडी घालून रात्री अकरापर्यंत पानं लावत बसलो.

गडद रंगांनी भरलेला, दोन्ही बाजू छापलेला आर्ट कार्ड गरम असतानाच उंच रचू नका. टोनर निवलेला नसतो, वरून वजन पडतं, सकाळी थप्पीची वीट होते. मी असं काम चार-पाचशेवर काढते, हाताने फुलवून हवा खेळवते आणि एकावर एक न ठेवता टेबलावर पसरते. कटिंग दुसऱ्या दिवशी. ‘आजच हवं’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला चिकटलेलं कार्ड दाखवायला मी एक जपून ठेवलंय.

डिसेंबर-जानेवारीत उलटा त्रास. एसीतली हवा कोरडी, आर्ट पेपर एकमेकांना चिकटतात, जॉगर थोपटतात तरी हलत नाहीत. थप्पीला हात लावताच विजेचा चटका बसला तर समजायचं, यंत्र नव्हे, हवा कोरडी आहे. खोलीतली आर्द्रता थोडी वाढवा आणि स्टॅटिक घालवणारे ब्रश धुळीने माखलेत का ते बघा.

सेन्सर फुंकून साफ करू नका. थुंकी उडते, मग तिच्यावर धूळ बसते. रबरी ब्लोअर आणि मऊ ब्रश, आठवड्यातून एकदा, मशीन बंद करून. ऑफसेटवर छापलेल्या कागदावर डिजिटलचे नंबर मारत असाल तर रोज, कारण ऑफसेटची स्प्रे पावडर (ओली शाई वरच्या कागदाला लागू नये म्हणून मारलेली) सगळीकडे जाऊन बसते.

नंबरांवरून आठवलं. जत्रेच्या सोडतीची कुपनं छापताना जॅम झाला, तर आतले फाटके कागद फेकण्याआधी त्यांच्यावरचे नंबर लिहून घ्या आणि थप्पीवरचा शेवटचा नंबर पाहा. पुन्हा कुठून सुरू करायचं ते बहुतेक यंत्राला कळतं, पण दार उघडून वरचे चार कागद तुम्हीच काढले असतील तर ते कोण सांगणार? एक नंबर दोनदा छापला गेला आणि बक्षीस त्याच नंबराला लागलं, तर देवळाच्या कमिटीपुढे तुम्हालाच उभं राहायचंय.

ट्रे उतरत असताना हात आत घालायचा नाही. यावर मी चर्चा करत नाही.

स्टॅकर सरकवून खालचा केर काढला आणि नंतर तोंडाशीच कागद तिरका अडकू लागला, तर यंत्र उघडायच्या आधी ते प्रिंटरला नीट भिडलंय का, पाय समपातळीत आहेत का ते बघा.

यूपीएसचं एक. बऱ्याच स्टॅकरना स्वतःची वेगळी पॉवर केबल असते. प्रिंटर यूपीएसवर आणि स्टॅकर भिंतीच्या प्लगवर, असा संसार मी तीन ठिकाणी पाहिलाय. जूनच्या पहिल्या गडगडाटात वीज जाते, प्रिंटर ऐटीत छापत राहतो आणि पुढे दार बंद. आज घरी जाण्याआधी वाकून ती वायर कुठे गेलीय ते बघा. वीज गेल्यावर अधांतरी अडकलेला ट्रे हाताने दाबून खाली ढकलू नका. वीज आली की तो आपला आपण जागा शोधतो.

आणि इंजिनियरला फोन करण्याआधी यंत्र बंद-चालू करून बिघाडाचा कोड पुसून टाकू नका. स्क्रीनचा फोटो काढा, किती कागद झाल्यावर थांबलं ते लिहा, अडकलेला कागद टाकून न देता बाजूला ठेवा; त्याची कुठली कड चुरगळलीय यावरून अर्धं निदान होतं. आमचा इंजिनियर बेळगावहून चोर्ला घाट उतरून येतो. कुठला भाग लागेल याचा त्याला आधी अंदाज आला तर तो पिशवीत घालूनच निघतो. नाही आला, तर तो येतो, बघतो, चहा पितो आणि तो भाग आणायला परत घाट चढतो.