आरएक्स १०० उघडण्याआधी

किनारपट्टीवर उघडं इंजिन फार दिवस ठेवता येत नाही. मालवण असो, देवगड असो की हर्णै, खाऱ्या हवेत सिलिंडरच्या ताज्या बोअरवर, म्हणजे आतल्या नव्याने घासलेल्या भिंतीवर, तेलाचा हात नसेल तर सकाळी आत तांबूस थर दिसतो. म्हणून यामाहा आरएक्स १०० या जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलचं इंजिन पहिल्यांदाच खोलणाऱ्याने सगळी तयारी एकाच हिशेबाने करावी: इंजिन उघडं राहण्याचे दिवस जितके कमी करता येतील तितके करायचे.

काम दिवाळीनंतर काढा. शिमग्यापर्यंत हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. मृगाच्या तोंडावर मात्र खोलूच नका. एखादा पार्ट अडकला की गाडी गणपतीपर्यंत पडवीत सुटी पडते, आणि तोवर बेअरिंगांना गंज धरतो. खळ्यातली तांबडी धूळही इंजिनाची वैरी आहे. तेव्हा पडवीचा एक कोपरा झाडून, पुसून जुनी चादर अंथरा.

आरसी काढून इंजिन आणि चासी नंबर ताडून पाहा. या गाड्या १९८५ ते १९९६ मधल्या, म्हणजे नोंदणीची पंधरा वर्षं कधीच उलटलेली. नूतनीकरण झालेलं नसेल किंवा इंजिन नंबर जुळत नसेल तर आधी आरटीओचं काम, मग इंजिनावरचा खर्च.

हत्यारांत लोक चुकतात ते इथे: जपानी गाडीच्या बोल्टची डोकी १०, १२, १४, १७ची असतात. इतर गाड्यांवर चालणारा १३चा पाना १२च्या नटावर सैल बसतो आणि कोपरे गोल करतो. प्लगला २१चा पाना लागतो. कव्हरचे फुलीचे स्क्रू जपानी मापाचे, म्हणजे जेआयएस. साध्या फुलीच्या पेचकसाचं टोक त्यांत तळापर्यंत पोचत नाही, जोर लावला की उसळतं आणि फुलीची वाटी होते. जेआयएस पेचकस आणि हातोडीने ठोकला की स्क्रू फिरवणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर घेऊनच ठेवा. मॅग्नेट, म्हणजे क्रँकच्या टोकावरचं चुंबकी चाक, काढायला पुलर (ओढून काढायचं हत्यार) हवा. पेचकसाने उचकटलं तर आतल्या कॉइलला इजा होते. सुट्या भागांसाठी झाकणाचे डबे, त्यांवर चिकटपट्टीच्या चिठ्ठ्या आणि प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो.

किक जाम असेल तर तिच्यावर उभं राहू नका, शाफ्टचे दाते तुटतात. प्लग काढून भोकातून डिझेल आणि टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलसोबत जळणारं तेल) निम्मं-निम्मं सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या, मग चौथ्या गिअरात टाकून मागचं चाक हळूहळू पुढे-मागे हलवा. बॅरल, म्हणजे सिलिंडरचा ठोकळा, निघत नसेल तर लाकडी ठोकळ्याने बगलेत हलके टोले द्यावेत. फिनवर, म्हणजे बाहेरच्या पातळ पात्यांवर, कधीच नाही, फिन तुकडा होऊन हातात येते.

पॅकिंग सेट, ऑइल सील, गजन पिनचं (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचं) नीडल बेअरिंग आणि ती पिन जागेवर धरणारे नवे सर्कलिप आधीच आणून ठेवा. जुना सर्कलिप पुन्हा घालणं म्हणजे बोअरला ओरखडा ओढून घेणं. पिस्टन मात्र आधी विकत घेऊ नका. मूळ बोअरचा व्यास ५० मिलिमीटरचा, त्यापुढचे साइज ०.२५च्या टप्प्याने वाढतात. बोअरिंगवाला मोजून कुठला साइज लागेल ते सांगतो, मग तो पिस्टन घ्यायचा आणि त्याच पिस्टनला धरून बोअर करवायचा. उलट क्रमाने केलं तर पिस्टन आणि भिंतीमधली फट चुकते. जास्त राहिली तर पिस्टन खडखडतो, कमी राहिली तर तापून चिकटतो. जवळ खात्रीचा बोअरिंगवाला नसेल तर घाट चढून कोल्हापूर गाठावं लागतं. बॅरल एसटी पार्सलनेही जातं, पण किती दिवस लागतील ते फोनवर विचारूनच हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) खोला. बॅरल बाहेर असेल तितके दिवस क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, कनेक्टिंग रॉडला टूटी ऑइल लावून वर प्लास्टिक बांधा.

रॉड वर-खाली ओढून पाहा. बाजूला किंचित हलणं ठीक, पण वर-खाली खेळ लागला तर क्रँक बाहेर काढावा लागेल आणि ते नवशिक्याचं काम नव्हे. सीलचंही तसंच. मॅग्नेट बाजूचं सील सुकलं की हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन जळतो; हे सील बाहेरून बदलता येतं. क्लच बाजूचं गेलं तर गिअर ऑइल जळून पांढरा धूर येतो. ते जाणकाराकडे द्या.

बोअर होऊन आलेलं बॅरल नीट न्याहाळा. पोर्टच्या, म्हणजे भिंतीतल्या खिडक्यांच्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या हव्यात. बोट फिरवून धार लागली तर परत द्या, रिंग तिथेच अडकून तुटते. मग गरम पाणी आणि साबणाने ब्रश घालून धुवा, पांढरं फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत. पुसलं की तिथल्या तिथे तेल लावा. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, रिंगांची तोंडं खोबणीतल्या खुंट्यांवर.

इथेनॉलचं पेट्रोल दमट हवेत पाणी धरतं, म्हणून टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा. पायलट जेट (कार्ब्युरेटरमधलं बारीक भोकाचं तोंड) हवेने साफ करा, तार घालू नका. पहिल्या टाकीत लिटरला ४० मिलिलिटर टूटी मिसळा, इंजिनाला टूटी आपोआप पुरवणारा ऑटोल्यूब पंप चालू असला तरी. पंपाच्या नळीत हवा अडकलेली असू शकते. पहिल्यांदा तापून पूर्ण गार झाल्यावर हेडचे नट तिरक्या क्रमाने पुन्हा कसा. थोडं चालवून प्लग काढा. टोक चॉकलेटी असेल तर ठीक. पांढरंफटक असेल तर मिश्रण पातळ झालंय, गाडी तिथेच थांबवा आणि कार्ब्युरेटर-इंजिनामधलं इनटेकचं रबर आधी तपासा.