पावसाळ्यातली मधपेटी: राणी शोधत बसू नका, अंडी बघा

आषाढ-श्रावणात सह्याद्रीच्या पट्ट्यात सातेरी माश्यांचे, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या देशी मधमाश्यांचे, दिवस अवघड असतात. झड लागली की माश्या बाहेर पडत नाहीत, बाहेर पडल्या तरी फुलोरा बेताचाच. जांभूळ-हिरड्याचा हंगाम संपला म्हणून पेटीकडे पाठ फिरवली, तर भाद्रपदात ती बहुधा रिकामी सापडते. सातेरीला उपासमार किंवा मेणकिडा (मेणाची पोळी पोखरणारी अळी) सोसत नाही. ती सरळ पेटी सोडून जाते.

दर 10 ते 15 दिवसांनी, चांगली उघडीप बघून, दुपारी पेटी उघडावी. भुरभूर असेल तर उघडूच नये. पिलाव्याला, म्हणजे पोळ्यातल्या अंडी-अळ्यांना, 34-35 अंश सेल्सिअसची ऊब लागते, त्यामुळे पाच-सात मिनिटांत काम आटोपावे. पेटीच्या मागे किंवा बाजूला उभे राहून थोडाच धूर द्यावा. चौकट, म्हणजे पोळे बांधलेली लाकडी फ्रेम, पेटीवरच उभी धरावी, आडवी करू नये, आणि होती त्याच क्रमाने परत ठेवावी.

नवे मधपाळ राणी शोधण्यात अर्धा तास घालवतात. त्याची गरज नसते. चौकट उजेडाकडे धरून पोळ्यातल्या घरांच्या तळाशी बघा. प्रत्येक घरात एकेक पांढरे अंडे दिसले की राणी गेल्या तीन दिवसांत तिथे होती, कारण तीन दिवसांत अंड्याची अळी होते. एकेका घरात तीन-चार अंडी वेडीवाकडी दिसली, तर बहुधा राणी नाही आणि कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत. अशी वसाहत दुसऱ्या वसाहतीत मिसळणे बरे.

मेणकिडा तळपाटावर, म्हणजे पेटीच्या तळफळीवर, आधी कळतो. तिथे साचलेल्या मेणाच्या चुऱ्यातच त्याच्या अळ्या वाढतात. प्रत्येक वेळी तळपाट खरवडून साफ करावा, ऊन मिळाले तर तापवावा. माश्यांनी न झाकलेली जुनी, काळी पोळी काढून घ्यावीत. काढताना हात आखडतो, पण रिकामे पोळे म्हणजे किड्याला दिलेले घर. किड्याची जाळी धरलेले पोळे जाळून टाकावे. फटी बुजवाव्यात.

अळी घरात डोके वर करून मेलेली, ओढली तर पाण्याच्या पिशवीसारखी निघाली, तर ती थाई सॅकब्रूड या विषाणूची खूण. यावर औषध नाही. त्या पेटीतली चौकट दुसऱ्या पेटीत घालू नका, हात आणि अवजारे धुतल्याशिवाय पुढची पेटी उघडू नका.

पेटीत मध उरला नसेल, तर एक किलो साखरेला एक लिटर पाणी या प्रमाणात पाक करावा. दर आठवड्याला प्रत्येक वसाहतीला साधारण 200 ग्रॅम साखरेचा पाक पुरतो. तो संध्याकाळीच, सगळ्या पेट्यांना एकाच दिवशी द्यावा. थेंब सांडले तर दुसऱ्या पेट्यांतल्या माश्यांची लूटमार सुरू होते आणि दुबळी पेटी संपते. माश्या पाकात बुडू नयेत म्हणून त्यात काड्या टाकाव्यात. मुंगळ्यांसाठी स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी आहे का, तेही त्याच फेरीत बघून घ्यावे.

झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने तारीख आणि माश्यांनी झाकलेल्या पोळ्यांची संख्या लिहा. पुढच्या वेळी पाचची चार झाली असतील, तर पंधरा दिवस थांबू नका, आठवड्यातच पुन्हा उघडा.