मान्सूनचा हंगामी अंदाज आपल्या शिवारासाठी कसा वाचायचा

एप्रिलच्या मध्याला हवामान खात्याचा पहिला अंदाज आला की आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात जो तो विचारतो, "औंदा पाऊस कसाय?" उत्तर एका आकड्यात येतं. त्या एकट्या आकड्यावर पेरणी ठरवू नका, हे मी कळकळीनं सांगते.

२०२३ मध्ये अंदाज सरासरीच्या ९६ टक्क्यांचा होता आणि देशात पाऊस झाला ९४ टक्के. मेअखेरच्या अंदाजात चार टक्के इकडेतिकडे धरलेलेच असतात, म्हणजे अंदाज बरोबर आला. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देशात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस झाला. माझं सोयाबीन ऐन फुलोऱ्यात होतं. भर दुपारी पानं उलटी होऊन पांढुरकी दिसायची, सकाळी पाहावं तर सरीत फुलं गळून पडलेली. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या बेरजेत असा खंड दिसतच नाही.

म्हणून एप्रिलचा अंदाज मी फक्त ऐकून ठेवते. मेअखेर सुधारित अंदाज येतो, तो नीट बघते. त्यातले टक्के देशाच्या ८७ सेंटिमीटर सरासरीचे असतात, आपल्या गावच्या नव्हे. सोबतच्या नकाशात मराठवाडा शोधा. तिथला रंग किती मिलिमीटर पडेल ते सांगत नाही. जास्त, साधारण, कमी यांपैकी कशाची शक्यता अधिक, एवढंच तो सांगतो. जमिनीवरचा पांढरा भाग म्हणजे तिन्ही शक्यता सारख्या. माझ्या जाऊबाई तो भाग कोरडा समजून घाबरल्या होत्या.

एल निनोची बातमी आली की लगेच दुष्काळ धरायचा नाही. प्रशांत महासागराचं पाणी तापलं की आपला पाऊस बिघडण्याची शक्यता वाढते, हे खरं. पण १९९७ साली एल निनो जबर असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. हिंदी महासागराची स्थितीही सोबत बघावी लागते.

कमी पावसाकडे कल दिसला तर मी सलग सोयाबीन घेत नाही. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. तुरीचं मूळ खोल जातं, मधला खंड ती सोसते. सोयाबीनचं वाण लवकर येणारं निवडते आणि कडबा विकत नाही. हंगामी अंदाजाचा उपयोग इथवरच.

पेरणीचा दिवस ठरवायला हवामान खात्याचा दर गुरुवारचा चार आठवड्यांचा अंदाज बघा. पहिल्या दोन आठवड्यांवर भिस्त ठेवा, पुढच्या दोनांतून फक्त कल घ्या. आणि आपला पाऊस आपण मोजा. पर्जन्यमापक नसला तर सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा डबा झाडापासून लांब, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाण्याची खोली मोजा, वहीत लिहा, डबा रिकामा करा. दोन-चार दिवसांच्या पावसाची बेरीज ७५ ते १०० मिलिमीटर झाली, ओल वीतभर खाली गेली आणि वापसा आला, म्हणजे चिखल सरून रान पेरण्याजोगं झालं, की मगच पेरा. बेरीज ४० वर अडली असेल, तर शेजारच्या रानात तिफण चालू झाली तरी बियाण्याची पिशवी फोडू नका.