मॅकव्हील घ्यायच्या आधी मधलं भोक मोजा

सेकंडहँड फोक्सवॅगन पोलो जीटी दारात उभी राहिली की साताऱ्यात पहिला प्रश्न ठरलेला, "मॅकव्हील (म्हणजे अलॉयची चाकं) किती इंची टाकणार?" पीसीडी किती, ऑफसेट किती, मधलं भोक किती, हे कुणी विचारत नाही.

बुश, बेअरिंग, ब्रेक पॅड आधी करून घ्या. ते सांगायला नको.

पीसीडी म्हणजे बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास. पोलोचा ५ × १००, स्कोडा ऑक्टाव्हियाचा ५ × ११२; आधी बोल्टची संख्या, मग व्यास मिलिमीटरमध्ये. दोन्हीकडे पाचच बोल्ट, त्यामुळे लांबून सारखंच दिसतं आणि दुकानदार "बसतंय की" म्हणून मोकळा होतो. बसत नाही. तिरका बोल्ट हवेच्या गनने दाबून बसवला तर तो बसलेला नसतो, अडकलेला असतो.

टायरचा हिशोब सोपा आहे: पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिम किती इंची. १८५/६० आर १५ चा पूर्ण व्यास साधारण ६०३ मिलिमीटर भरतो. २०५/५० आर १६ घेतला तर ६११, चालतो. २०५/५५ आर १६ घेतला तर ६३२, म्हणजे जवळपास पाच टक्के मोठा. मीटर खोटा बोलायला लागतो आणि चार माणसं बसली की मागचा टायर कमानीला घासतो. सतरा इंची दिसायला झकास, पण पावसाळ्यानंतर आपल्याकडचे खड्डे बघता मी सोळाच्या वर जात नाही.

ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून ती गाडीला टेकते त्या जागेपर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये. रिमच्या आतल्या बाजूला 'ईटी' लिहून पुढे तो कोरलेला असतो. समजा जुनी रिम ६ इंच रुंद, ईटी ४०. नवी ७ इंच, ईटी ३५. मग रिमची कड बाहेरच्या बाजूला सुमारे १८ मिलिमीटर आणि आतल्या बाजूला ८ मिलिमीटर जास्त जाते. आत सस्पेन्शनच्या स्ट्रटला आणि ब्रेकच्या कॅलिपरला जागा आहे का, हे बघायला मी घट्ट मळलेल्या कणकेच्या गोळ्या वापरतो. कॅलिपरवर दोन-तीन चिकटवायच्या, टायर न चढवलेली रिम लावायची, हाताने एक फेरा द्यायचा आणि काढून बघायचं. गोळी तीन मिलिमीटरपेक्षा चपटी झाली असेल तर ती रिम परत करा. कणीक कुठे गेली, असं घरात विचारलं तर गप्प बसा.

आता मधलं भोक. माझे चार महिने आणि बरेच पैसे यातच गेले.

हब म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसतं तो भाग. पोलोच्या हबचा मधला उंचवटा ५७.१ मिलिमीटरचा. कंपनीची रिम त्यावर टोपीसारखी बरोबर बसते. बाजारातली मॅकव्हील मात्र अनेक गाड्यांना चालावीत म्हणून मोठ्या भोकाची बनवतात, ७३.१ हा नेहमीचा आकडा. मधे सोळा मिलिमीटरचा फरक, म्हणजे चारी बाजूंनी आठ-आठ मिलिमीटर पोकळी. चाक फक्त बोल्टांच्या भरवशावर, आणि मध्याला बसेलच याची खात्री नाही.

माझी पहिली चाकं अशीच लागली. गावात गाडी लोण्यासारखी. लिंब खिंडीच्या पुढे हायवेला ऐंशी गाठली की स्टिअरिंग थरथरायचं, शंभरला आरसा हलायचा. बॅलन्सिंग तीन वेळा केलं. अलाइनमेंट दोनदा. टायरवाल्याने टायरला दोष दिला, मेकॅनिकने स्टिअरिंगच्या रॅकला. शेवटी एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याने व्हर्नियर लावला आणि म्हणाला, "अहो, यात रिंगच नाही." बॅलन्सिंग मशीनवर चाक सुळक्याने मध्याला धरलेलं असतं, त्यामुळे तिथे सगळं छान दिसणारच. हे तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्यावर इलाज हब रिंग. बाहेरून रिमच्या भोकाइतकी, आतून ५७.१. प्लॅस्टिकची तयार मिळते, पण ती ब्रेकच्या उष्णतेने मऊ पडलेली मी पाहिली आहे. अॅल्युमिनियमची लेथवर करून घ्या आणि माप सांगू नका, रिमच नेऊन द्या. रिंग हाताच्या दाबाने बसायला हवी. हातोडी लागली तर चूक, खुळखुळली तरी चूक. बसवण्याआधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. सेकंडहँड गाडीत तो असतोच, आणि गंजाची एक खपली राहिली तरी चाक वाकडं बसतं.

दुसरा सापळा बोल्टचा. पोलोला नट नसतात, एम १४ × १.५ चे बोल्ट असतात आणि त्यांची बैठक, म्हणजे रिमला टेकणारी बाजू, गोल, चेंडूसारखी. बाहेरच्या बहुतेक रिमना शंकूच्या आकाराची बैठक लागते. जुने बोल्ट नव्या रिमला लावले तर ते कडेवर टेकतात, घट्ट वाटतात आणि पुढे सैल होतात. नवे बोल्ट घेताना जुना बोल्ट किती फेऱ्यांत बसतो ते मोजा, नवाही निदान तितकाच आत जायला हवा. फार लांब असला तर मागे काहीतरी घासेल. चाक हाताने फिरवून कान द्या.

नट नसल्यामुळे चाक टांगायला काही आधार नसतो. एक लांब एम १४ बोल्ट घ्या, डोकं कापा, हबच्या वरच्या भोकात हाताने फिरवा आणि त्यावर चाक सरकवा. मग बाकीचे चार हाताने, आडवे-तिडवे, कापलेला काढून त्याच्या जागी पाचवा, आणि शेवटी टॉर्क पान्ह्याने १२० न्यूटन मीटर. गन लांब ठेवा. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पान्हा लावा.

ट्रिमचं काम त्यापुढे पोरखेळ आहे. क्रोमवर काळं व्हिनाइल चढवा, कडा हीट गनने बसवा. प्लॅस्टिकच्या पट्ट्या दुपारी काढा. डिसेंबरच्या सकाळी क्लिपा बिस्किटासारख्या तुटतात, म्हणून दहा-वीस जास्तीच्या आधीच आणून ठेवा. एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नका. गाडीचा रंगच बदलणार असाल तर आरसी बुकात नोंद लागते. चाक कमानीच्या बाहेर डोकावत असेल तर ते मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या वादात सापडू शकतं. विमा कंपनीलाही नव्या चाकांचं लेखी कळवा, म्हणजे क्लेमच्या वेळी वाद नको.

आणि जुने पाच बोल्ट फेकू नका. स्टेपनी अजून कंपनीचीच आहे, तिला गोल बैठकीचेच लागतात. मी ते घरी डब्यात ठेवले होते. खंबाटकीत रात्री पावसात टायर फुटला तेव्हा हातात शंकूचे पाच नवेकोरे बोल्ट होते आणि स्टेपनीला त्यातला एकही उपयोगाचा नव्हता. आता जुने पाच एका कापडी पिशवीत, जॅकच्या शेजारी असतात.